दुष्काळी गावातून दुष्काळी गावात

(दहावी १९९० च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू कॅनडात असतेस, तिकडचं काहीतरी सांग. पण पंधरा मिनिटांच्या वर नको, नंतर जेवण आहे." काल संध्याकाळी दहिवडीत पाय ठेवल्यापासून मला तीनच प्रश्न विचारले गेलेत. थंडी किती? पगार किती? आणि परत कधी येणार? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. जानेवारीत काही दिवस पारा उणे तीसच्या खाली जातो आणि वर वारा असतो. दुसऱ्याचं उत्तर मी देणार नाही. तिसऱ्यासाठी मात्र ही पंधरा मिनिटं वापरते.

भूगोलाचे सर समोर बसलेत. सर, तुम्ही नववीत आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं: समशीतोष्ण गवताळ प्रदेश, आशियात स्टेप, दक्षिण अमेरिकेत पंपास, आफ्रिकेत व्हेल्ड, ऑस्ट्रेलियात डाउन्स आणि उत्तर अमेरिकेत प्रेअरी. त्या शेवटच्या शब्दात मी गेली चौदा-पंधरा वर्षं राहते. कॅनडाचा सस्कॅचेवान प्रांत क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दुप्पट आहे आणि २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अकरा लाख बत्तीस हजार भरली. म्हणजे दोन महाराष्ट्रांएवढ्या जमिनीवर आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढी माणसं. आमच्या गावाचं नाव स्विफ्ट करंट. जवळून वाहणाऱ्या ओढ्यावरून ते पडलं. लोकसंख्या १६,७५०. तिकडे त्याला शहराचा दर्जा आहे. आपल्या हिशेबाने ते म्हसवडपेक्षाही लहान. रिजायना ही प्रांताची राजधानी अडीचशे किलोमीटर, सॅस्काटून त्याहून थोडं लांब. मध्ये गहू, मोहरीच्या जातीचं कनोला आणि मसूर. हो, मसूर. आपल्याकडे आयात होणारी मसूर बरीचशी कॅनडाची असते, आणि तिथली जवळजवळ सगळी सस्कॅचेवानात पिकते. त्यामुळे आज जेवणात मसुराची आमटी असेल, तर ती कदाचित माझ्या आधी इथे पोचली असेल.

मी तिथे वृद्धांच्या शुश्रूषागृहात नर्स आहे. भारतातून इतकी लांब गेलेली मुलगी एखाद्या चकचकीत शहरात राहत असेल, असं तुम्हाला वाटतं. खरं तर मी एका दुष्काळी गावातून निघाले आणि दुसऱ्या दुष्काळी गावात जाऊन पोचले. मला आज त्याच विषयावर बोलायचंय.

स्विफ्ट करंटला वर्षाकाठी चारशे मिलिमीटरच्या आतच पाऊस पडतो, तोही बर्फ धरून. म्हणजे आपल्या माणपेक्षा कमी. १८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर नावाच्या माणसाने तो मुलूख पाहिला आणि हा कोरडा त्रिकोण शेतीला लायक नाही असं लिहून ठेवलं. त्या जमिनीवर त्याआधी क्री, नाकोटा वगैरे मूळ लोक गव्यांच्या कळपांमागे फिरत होते. गवे संपवले गेले, १८७४ साली त्यांच्याशी करार झाला, मग रेल्वे आली आणि दहा डॉलर फी भरून एकशे साठ एकर जमीन घ्यायला युरोपातून माणसं आली. पॅलिसरचं कुणी वाचलं नव्हतं. १९३० च्या दशकात पाऊस सलग वर्षानुवर्षं हुकला, धूळ इतकी उडाली की दिवसा दिवे लावावे लागले.

आपल्यातल्या बहुतेकांचा जन्म बहात्तरच्या दुष्काळानंतरचा. पण घरोघरी गोष्टी ऐकल्यात. खडी फोडायला गेलेल्या आया, सुकडी, आणि अमेरिकेतून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी, जिची भाकरी धड थापता यायची नाही. आमच्या शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या एका आजींनी मला त्यांच्या दुष्काळाची गोष्ट सांगितली, तेव्हा मला हसू आवरेना. पूर्वेकडच्या प्रांतांनी दयाबुद्धीने आगगाड्या भरभरून मदत पाठवली होती. त्यात सफरचंदं होती, तशी खारवलेली सुकी मासळीही होती. प्रेअरीतल्या शेतकऱ्यांनी असली मासळी जन्मात पाहिली नव्हती. कुणी ती तशीच तळली आणि मिठाने तोंड कडू करून घेतलं. "आम्हाला मासे आले, तुम्हाला ज्वारी," असं म्हणून त्या आजी माझ्या हातावर टाळी द्यायच्या.

आता मुद्द्यावर येते. दुष्काळात तिथे डॉक्टर टिकेनात. फी कोण देणार? कुणी कोंबडी द्यायचं, कुणी लाकडं. डॉक्टरचं पोट त्यावर भरत नव्हतं आणि बाळंतपणं तर थांबत नव्हती. तिथल्या ग्रामीण पालिकांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच एक वाट काढली होती: सगळ्यांनी कर भरायचा आणि त्यातून डॉक्टरला पगार द्यायचा. दुष्काळात ही पद्धत पसरली. १९४४ साली टॉमी डग्लस प्रांताचे मुख्यमंत्री झाले. लहानपणी त्यांच्या गुडघ्याच्या हाडाला रोग झाला होता आणि पाय कापायची वेळ आली होती. एका शल्यविशारदाने, विद्यार्थ्यांना बघू देणार असाल तर फुकट शस्त्रक्रिया करतो, असं म्हणून तो वाचवला. पाय वाचणं नशिबावर सोडू नये, हे त्या माणसाला तिथून कळलं. त्यांच्या सरकारने कायदा केला की एखाद्या विभागातल्या लोकांनी मतदानाने ठरवलं तर त्यांना आपली एकत्र आरोग्यव्यवस्था उभारता येईल.

सगळ्यात आधी पुढे आला तो स्विफ्ट करंट विभाग. विल्यम बुराक नावाचे एका ग्रामीण पालिकेचे सचिव होते, आपल्याकडे ग्रामसेवक असतात त्या तऱ्हेचे. त्यांनी आजूबाजूच्या पालिकांना पत्रं लिहिली, सभा घेतल्या. नोव्हेंबर १९४५ मध्ये मतदान झालं आणि मोठ्या बहुमताने ठराव संमत झाला. १ जुलै १९४६ पासून त्या विभागातल्या प्रत्येकाला डॉक्टर आणि इस्पितळ दोन्ही मिळू लागलं, मुलांच्या दातांची देखभालसुद्धा. पैसा माणशी कर आणि जमिनीवरचा कर यातून यायचा. उत्तर अमेरिकेत असं सर्वांसाठीचं पहिलं. पुढच्याच जानेवारीत इस्पितळाचा विमा पूर्ण प्रांताला लागू झाला. १९६२ साली डॉक्टरांच्या फीचाही विमा आला, तेव्हा डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला, पण योजना टिकली. नंतर तिचंच लोण देशभर पोचलं. कॅनडात आज कुणी आजारी पडलं तर इस्पितळात आधी अनामत मागत नाहीत, त्याची सुरुवात अशी आमच्या गावच्या एका मतपेटीत झाली. त्या आजी चोवीस वर्षांच्या असताना त्यांनी त्या मतदानात मत दिलं होतं. हे त्या मला अशा थाटात सांगायच्या, जसं आपल्याकडे एखादे काका "मी गांधीजींना पाहिलंय" म्हणून सांगतात.

ही गोष्ट ऐकताना मला आपलीच आठवण येत होती. बहात्तरच्या दुष्काळातून आपल्याकडे काय उभं राहिलं? रोजगार हमी योजना. तासगावजवळच्या विसापूरचे वि. स. पागे यांची ती कल्पना. दुष्काळाच्या कामांवर ती तावूनसुलाखून निघाली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली सगळ्या देशाने ती स्वीकारली. तिकडच्या दुष्काळाने देशाला दवाखाना दिला, इकडच्या दुष्काळाने हाताला काम दिलं. दोन्हीकडे भरल्या घरातल्या माणसांना हे सुचलं नव्हतं.

आता कुणाला वाटेल, तिकडे सगळं आलबेल. तसं नाही, आणि मी तिथे नोकरी करते म्हणून सांगते. आमच्याकडे २००७ साली उघडलेलं चांगलं इस्पितळ आहे. प्रसूती, शस्त्रक्रिया, तातडीची सेवा सगळं गावात होतं. कर्करोगाचं मुख्य उपचार केंद्र रिजायना किंवा सॅस्काटूनला, पण औषधाचे डोस गावात घेता येतात, दर वेळी पाचशे किलोमीटरची ये-जा करावी लागत नाही. फार गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टर नाहीतर विमान नेतं. सरकारी हवाई रुग्णवाहिका तिथे १९४६ पासून आहे. पण गुडघा बदलायचा तर महिनोन्‌महिने थांबावं लागतं. कायमचा डॉक्टर मिळवणं कठीण झालंय. दात, चष्मा, औषधं यांचा खर्च बऱ्याच जणांना स्वतःच करावा लागतो आणि रुग्णवाहिकेचं बिलही घरी येतं. १९९३ साली सरकारकडे पैसे नव्हते तेव्हा बावन्न लहान गावांतल्या इस्पितळांमधले रुग्ण दाखल करणं बंद झालं. आजही आजूबाजूच्या लहान गावांत नर्स नाही म्हणून तातडीचा विभाग काही दिवस बंद ठेवावा लागतो. म्हणूनच माझ्यासारख्या फिलिपीन्सच्या, केरळच्या, नायजेरियाच्या बायका तिथे आहेत. मला तिथे बोलावलं ते माझ्या गुणांवर लुब्ध होऊन नव्हे. त्यांच्या मुली शहरात गेल्या आणि म्हाताऱ्यांना उचलून बसवायला कुणी उरलं नाही, म्हणून बोलावलं.

दुसरी गोष्ट खेळाची. एवढ्याशा गावात काय नाही? बर्फाचं बंदिस्त मैदान, कर्लिंगचा क्लब, गरम पाण्याचा तलाव, ग्रंथालय, ओढ्याच्या काठाने मैलोगणती चालायची वाट. कर्लिंग म्हणजे काय, तर गुळगुळीत जड दगड बर्फावरून सरकवत नेमक्या वर्तुळात थांबवायचा आणि बरोबरच्यांनी पुढे झाडू मारत पळायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, ही तर गोट्या आणि झाडलोट एकत्र केलीय. पण २०१० आणि २०१६ साली या खेळाची महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आमच्या गावात झाली. म्हसवडपेक्षा लहान गावात जागतिक स्पर्धा! कशी? तर तिकिटं फाडायला, पाहुण्यांना विमानतळावरून आणायला, सूप ढवळायला गावातलीच माणसं पगाराशिवाय उभी राहतात.

मी गेले त्याच हिवाळ्यात शेजारीण दारात येऊन म्हणाली, "तुझा मुलगा हॉकी खेळतो ना? मग शनिवारी स्वयंपाकघरात तुझी पाळी." विचारलं नाही, सांगितलं. मी रात्रपाळी करून आले होते. तरी गेले, बटाटे तळले. त्या स्वयंपाकघरात मला गावातली निम्मी माणसं कळली. आजूबाजूच्या खेड्यांत तर मैदानावर पाणी सोडून बर्फ गोठवायचं कामही लोक रात्री आळीपाळीने करतात. आपल्याकडे याला शब्द आहे: श्रमदान. टाकेवाडीने तेच केलं आणि २०१८ साली वॉटर कपमध्ये राज्यात पहिला नंबर काढला. मला तिकडे वेगळं काही शिकावं लागलं नाही, फक्त मातीच्या जागी बर्फ होता.

आमच्या गावाचा हॉकीचा संघ आहे, ब्रॉन्कोज. त्याचा मालक कुणी शेठ नाही, गावच आहे. ३० डिसेंबर १९८६ ला रिजायनाला सामन्याला निघालेली त्यांची बस गावाबाहेरच बर्फाळ रस्त्यावर उलटली आणि चार मुलं गेली. गावाने संघ बंद केला नाही. अडीच वर्षांनी, १९८९ साली, त्या संघाने कनिष्ठ हॉकीतला देशातला सर्वांत मोठा चषक जिंकला. ही गोष्ट तिथे प्रत्येक मुलाला माहीत असते.

पण तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच संघाच्या प्रशिक्षकाने खेळाडूंवर लैंगिक अत्याचार केले होते आणि १९९७ साली त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. बोलण्याचं धाडस केलं ते त्या बसमधून वाचलेल्या शेल्डन केनेडी नावाच्या खेळाडूने, तेही गाव सोडल्यावर कित्येक वर्षांनी. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, हे आपण कौतुकाने म्हणतो. पण ज्याला सगळे मानतात त्याच्याविरुद्ध बोलायला त्याच गावात जीभ रेटत नाही. आज इथे शिक्षक आहेत, पालक आहेत, संस्थेची मंडळी आहेत. मुलांना मैदान द्यायचं तर त्या मैदानावर मुलाचं ऐकून घेणारं माणूसही द्यावं लागतं. मला गावाबद्दल प्रेम आहे म्हणूनच हे सांगितलं.

आता तिसरा प्रश्न. परत कधी येणार?

मी रोज सकाळी तिथे दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालते, केस विंचरते, गोळ्या देते. माझी आई इथे दहिवडीत आहे आणि तिला आंघोळ माझी वहिनी घालते. तिला आठवड्यातून दोनदा उपचारासाठी साताऱ्याला न्यावं लागतं, ते माझा भाऊ नेतो, दुकान बंद ठेवून. मी पैसे पाठवते. पैशाने गाडीचं भाडं भागतं, पण गाडीत शेजारी बसायला माणूसच लागतं. हे गणित मला सुटलेलं नाही. या सभेत ज्यांची मुलं पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत आहेत, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. माझा मुलगा तिकडे वाढला. बहुधा मी तिकडेच म्हातारी होईन, आणि कुठल्यातरी लांबच्या देशातली मुलगी माझे केस विंचरेल. तिची आई तेव्हा कुठे असेल, हा विचार मला अधूनमधून येतो.

म्हणून "परत येईन" असं खोटं आश्वासन देत नाही. पण त्या गावाने मला जी एक गोष्ट शिकवली, ती इथे ठेवून जाते. आपण सोय म्हटलं की हात वर करतो: सरकारने दवाखाना द्यावा, साहेबांनी मैदान द्यावं, परदेशातल्यांनी देणगी द्यावी. स्विफ्ट करंटच्या लोकांनीही सरकारकडे मागितलं, नाही असं नाही. पण आधी आपापसात मत घेतलं, आधी कर भरायचं कबूल केलं, आणि नंतर पाळ्या लावल्या. नव्या इस्पितळाच्या खर्चातला हिस्सादेखील आसपासच्या लोकांनी जमवला. इमारत दिसते. पाळी दिसत नाही, आणि पाळी चुकली की इमारत ओस पडते.

आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेला कमान बांधायची, असं गटावर चाललंय. कमान छानच दिसेल. पण माझी एक विनंती आहे. ललिता बाबर आपल्या माणच्या मोहीची. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. तशी पळणारी मुलगी आजही आपल्या शाळेत असेल, आणि आपलं मैदान मी काल सकाळी पाहिलं: दगड, काटेरी बाभूळ आणि एका कोपऱ्यात मंडपाचे बांबू. आपण अठ्ठेचाळीस जण आलोय. त्यातले तीसेक जण दहिवडीच्या आसपासच राहतात. आठवड्याला दोघांची पाळी लावली तर वर्षात प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार आठवडे येतात. संध्याकाळी मैदान उघडायचं, पाणी मारायचं, मुलं जाईपर्यंत तिथे बसायचं. दुसरं, आपल्यात दोन डॉक्टर आहेत, एक औषधाचं दुकान आहे आणि चार जणांकडे चारचाकी आहे. ज्या वर्गमित्राच्या आईवडिलांना साताऱ्याला न्यायचंय, त्यांच्यासाठी महिन्याची यादी लावू. डिझेलचा खर्च बाहेरगावी राहणाऱ्या आम्ही अठराजण करू. हा आमचा कर समजा. आणि मी वर्षातून एक महिना येते, त्या महिन्यात गाडीतली पाळी माझी. आईच्या शेजारी तर मी बसेनच, आणखी कुणाच्या आईच्या शेजारीही बसेन.

आमच्या बाईंना आठवत असेल, शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोज दोन नावं लिहिलेली असायची. वर्ग झाडायची पाळी कुणाची, ती नावं. त्या नावांपासून पळायला आम्ही काय काय केलंय, ते इथे सांगत नाही. पण आज मी कागद आणलाय, पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलंय. जेवणाच्या टेबलाजवळ तो ठेवते. ज्यांना पटेल त्यांनी जेवायच्या आधी लिहावं, कारण जेवल्यावर आपल्या तुकडीचं काय होतं ते सरांना चांगलं माहीत आहे.